चारुताचा पाऊण तास

चारुता जामकर चोवीस वर्षांची आहे आणि सौदीतल्या जुबैलमध्ये रोज पहाटे साडेपाचला मराठी बोलते. ही पगार मिळण्याजोगी गोष्ट आहे, असं तिच्या वडिलांना वाटत नसे. "पहाटे साडेपाचला तुझी आईही मराठीच बोलते," हरीशराव म्हणायचे, "तिला कोणी देतं का काही?"

चारुताचा जन्म इथलाच. हरीशराव मूळचे नाशिकचे, पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी आली ती आईकडून, म्हणजे बरीचशी रागावण्याची. पुण्याला शिकायला गेली, तिथं कॉलेजच्या रेडिओवर एकदा कुणी आजारी पडलं म्हणून हिला माइकसमोर बसवलं, आणि मग ती उठायलाच तयार होईना. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन परतली खरी, पण ती पदवी आईनं कपाटात ठेवली आणि हिनं माइक टेबलावर.

दम्मामच्या एका इंटरनेट रेडिओनं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर पाऊण तास दिला. कार्यक्रमाचं नाव 'उजाडलं'. स्टुडिओ म्हणजे तिचीच खोली. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, खिडकीला गादी उभी केलेली. एसी घरघरतो म्हणून बंद. ऑगस्ट महिन्यात "नमस्कार मंडळी, प्रसन्न सकाळ आहे" हे वाक्य ती घामानं निथळत म्हणायची आणि आम्हाला ते खरं वाटायचं. याला कला म्हणतात.

आम्हाला म्हणजे कंपनीच्या बसमधल्या मंडळींना. साडेपाचला बस निघते, सव्वासहाला कारखान्याच्या गेटवर पोचते. गेटवर मोबाइल जमा करायचे, ते संध्याकाळीच परत. म्हणजे ऐकायला पाऊणच तास. बसमध्ये आम्ही अकरा मराठी नवरे, सगळ्यांच्या कानांत चारुता.

पण हे तिला कळायचं कसं? रेडिओचे मॅनेजर जमालुद्दीनसाहेब हैदराबादचे, माणूस गोड, हिशेबाला कडक. श्रोते आहेत की नाहीत ते कार्यक्रम चालू असताना येणाऱ्या मेसेजवरून ठरवायचे. "बेटी, मल्याळमवालों के रोज़ दो सौ आते हैं. तुम्हारे सात. उन में तीन तुम्हारी अम्मी के."

आता मराठी माणूस आवडलं म्हणून कळवतो का कुठं? आवडलं की तो गप्प बसतो. चुकलं की लिहितो. उरलेल्या चार मेसेजांपैकी दोन, तिनं लावलेल्या गाण्यांत भूप कुठला आणि देसकार कुठला हे तिला समजावून सांगणारे असत.

अट अशी होती: तिसऱ्या महिन्यात रोज सरासरी तीस मेसेज आले, तर कायमची नोकरी. नाही आले, तर पाऊण तास दुसऱ्या कुणाला. आणि हरीशरावांनी एका कंत्राटदाराकडे तिच्यासाठी डॉक्युमेंट कंट्रोलरची जागा बघूनच ठेवली होती. कागदांना नंबर द्यायचे, एसी चालू ठेवून. चारुताला नुसत्या कल्पनेनं थंडी वाजायची. त्यात तिचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, वडिलांच्या नावावर, म्हणजे नोकरी कुठलीही असो, संमती त्यांनीच मोबाइलवर द्यायची.

तीन आठवडे उरले तेव्हा तिनं 'निरोप' सुरू केला. घरच्यांनी फोन करायचा, बसमधल्या माणसाला काय सांगायचं ते थेट कार्यक्रमात सांगायचं. चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी अर्चनाकाकूंचा फोन आला.

"अगं चारुता, आमच्या ह्यांना सांग, डबा ओट्यावरच राहिलाय. मी फोन करतेय तर कापतात. तुझा कार्यक्रम मधे तुटतो ना, म्हणून."

"सांगते की. काकांचं नाव काय, काकू?"

"असं काय करतेस? आमचे हे गं."

"अहो पण काकू, 'हे' तर सगळ्यांचेच असतात."

ते आमच्या बसमध्ये सिद्धच झालं. अकराच्या अकरा नवऱ्यांनी एकाच वेळी पायांशी ठेवलेल्या पिशव्या चाचपल्या. आमचा ड्रायव्हर मोहियुद्दीन. त्यानं आरशात हे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "क्या हुआ भाई, चोरी हुई क्या?"

तिकडे काकू हटून बसल्या. पंचवीस वर्षं जिभेवर न आलेलं नाव रेडिओवर कसं घ्यायचं? चारुताही हुशार. म्हणाली, "बरं, मग उखाणा घ्या."

काकूंनी घसा खाकरला. आणि मग, लाजत पण ठणठणीत आवाजात:

"मेथीची भाजी, पोळ्या चार, डबा ओट्यावर राहिला,
सुबोधरावांनी निघताना फक्त मोबाइलच पाहिला."

मागच्या सीटवरचे सुबोध देशपांडे हळूहळू खिडकीकडे वळले. बाकीचे दहा जण त्यांच्याकडे.

त्यानंतर बायकांना आवरणं कठीण झालं. लग्नानंतर उखाणा घ्यायला संधीच कुठं असते? मंगळागौर, डोहाळजेवण, संपलं. आणि इथं रोज पहाटे ऐकायला सगळी कॉलनी. बीपीची गोळी, गिझर चालू राहिलेला, दुसऱ्याचा चष्मा घालून निघालेला माणूस, सगळं यमकात येऊ लागलं. फोन लागेना म्हणून मेसेज. पन्नास झाले, ऐंशी झाले. मोहियुद्दीननं कार्यक्रम बसच्या स्पीकरवर लावला, कारण अकरा माणसं एकदम हसतात आणि आपल्याला कारण कळत नाही, हे त्याला सहन होईना.

जमालुद्दीनसाहेबांनी चारुताला विचारलं, "ये ख़वातीन शायरी में क्या कहती हैं?"

"पती का नाम लेती हैं, सर."

"मेरी बेगम तो बग़ैर शायरी के ही लेती हैं. पड़ोसी भी सुनते हैं," साहेब म्हणाले आणि तिला नोकरीवर घ्यायचा सरकारी अर्ज पाठवला.

अर्ज हरीशरावांच्या मोबाइलवर येऊन पडला. संमतीला मुदत तीन दिवस. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी, "कंत्राटदाराला शब्द दिलाय मी." चारुता घरी काही बोलली नाही आणि रेडिओवर तर बोलणं शक्यच नव्हतं. ती शिस्तीची आहे.

तिसऱ्या दिवशी हरीशराव माझ्या शेजारीच बसले होते. सहा वाजून गेले होते, कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या होत्या. चारुता म्हणाली, "पुढचा फोन..." आणि थबकली. "पुढचा फोन शीलाताई जामकरांचा आहे. बोला."

"तीन दिवस मोबाइलमध्ये अर्ज आहे पडून,
हरीशराव, गेट यायच्या आत टाका बटण दाबून."

सगळ्या बसनं माना वळवल्या. हरीशरावांनी चष्मा पुसला, परत घातला, मोबाइल काढला. "ओटीपी मागतंय," ते पुटपुटले. गेट समोर दिसत होतं. मोहियुद्दीननं काही न विचारता बस कडेला घेतली. मागच्या बसनं हॉर्न दिला, त्यानं हात बाहेर काढून "सबर, सबर" असं खुणावलं. ओटीपी आला. हरीशरावांनी एकेक आकडा मोठ्यानं म्हणत तो दाबला, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "झालं का हो?"

"खलास," हरीशराव म्हणाले.

टाळ्या थांबेपर्यंत ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लग्नात सगळ्यांनी किती आग्रह केला होता. तेव्हा काही केल्या घेतला नव्हता हो हिनं."