अक्काने दिलेला बाप्तिस्मा

सत्तरच्या दशकात आम्ही होटगीला रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा गार्ड, त्यामुळे निम्मे दिवस गाडीवरच. तिथं कॅथलिक घर आमचं एकट्याचं, चर्च सोलापुरात. शेजारी अक्का राहायची. ती लिंगायत, माहेर अक्कलकोटकडचं. मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरायची, तिचं तिलाही कळायचं नाही.

माझी थोरली लेक दिवस भरायच्या आधीच झाली, भर दुपारी. नवरा मालगाडीवर गेलेला. पोर मूठभर. रडली नाही, नुसती धापा टाकत होती. सुईण घाबरली आणि डॉक्टरला निरोप धाडायला स्टेशनकडे पळाली. खोलीत मी आणि अक्का. मला उठवतही नव्हतं.

"अक्का, हिला बाप्तिस्मा द्यायला हवा."

"फादरला बोलवू या की."

"तोवर राहील का ती? असल्या वेळी कुणीही दिला तरी चालतो. तुम्हीच द्या."

"मी? अगं, मी तुमच्यातली न्हाय. तुमच्या देवाला चालंल व्हय?"

"चालतं. मनापासून द्यायचा, एवढंच."

 ती उठून हातपाय धुऊन आली, डोक्यावरून पदर घेतला, गळ्यातल्या लिंगाला हात लावला. तांब्यात पाणी आणलं. मी पडल्या पडल्या एकेक शब्द सांगत गेले, ती माझ्यामागून म्हणत गेली. 'पवित्र आत्म्याच्या' म्हणताना अडखळली. "थांब, पुन्हा सांग," म्हणाली आणि पहिल्यापासून सगळं म्हणत पोरीच्या कपाळावर पाणी घातलं. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. अक्का रडत होती.

संध्याकाळी डॉक्टर आले. पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघींनी पोरीला कापसात गुंडाळून, आळीपाळीने उराशी धरून जगवलं.

अंगावर थोडं बाळसं आल्यावर तिला सोलापूरच्या चर्चमध्ये नेलं. अक्काही आली. दारातच तिने फादरांना हात जोडले.

"माझं काय चुकलं आसंल, तर तुमी परत करा."

फादर हसले. "परत करता येत नाही, बाई. तुम्ही दिला तो पक्का. मी फक्त राहिलेलं पवित्र तेल लावतो."

"आमच्यातबी बाळ झालं की लिंग बांधत्यात," अक्का म्हणाली. "मला वाटलं, पोर देवाच्या हातात द्यायची, आनि काय."

"तेच," फादर म्हणाले.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची व्याख्या घोकून पाठ केली होती. त्या दिवशी ती मला आठवलीही नाही. अक्का पोरीचं टोपडं नीट करत होती, मी तिच्याकडेच बघत राहिले.

परतीच्या गाडीत अक्काने पोर माझ्याकडे दिलीच नाही. होटगी आलं, सगळे उतरायला लागले, तरी ती कानडीत पोरीशी काहीबाही बोलत बसून होती.