साखरपुड्याखाली गेलेला लांडगा

जगातल्या कुठल्याच गोष्टीचा आयता शेवट आमच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्या काकांना मान्य नव्हता. वर्तमानपत्रातली गोष्टसुद्धा ते शेवटचे दोन परिच्छेद सोडून मिटत आणि "कळलं पुढचं," म्हणत. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दुकानावर पाटी होती: 'कॅसेट रिवाइंड करून परत करावी. आम्हाला इतर कामे आहेत.' इतर कामं कुठली, ते कधी दिसलं नाही. मी नववीत शाळा सोडून गोंदियाहून आलेला, हडपसरच्या एका कंप्युटर कंपनीत चहा देणारा. पुण्यात मला ओळखणारं कोणी नव्हतं, एवढ्या कारणावरून काकांनी मला दुकानामागची खोली दिली. ते ऋण अजून अंगावर आहे.

रविवारी दुपारी शटर ओढून काका ऐंशीच्या दशकातला तोच तो इंग्रजी सिनेमा लावत. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होई, रबरी नखं फुटत आणि पाठीवरची चेन स्वच्छ दिसे. "हा लांडगा शिंप्याकडून आलाय," काका म्हणत, तरी दर वेळी पाय खुर्चीवर घेऊन बसत. आठवडाभर दमलेला मी पेंगत बघे. शेवटी गावकरी बंदुका घेऊन लांडग्याला घेरत आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर काकू पैठणी नेसून एका मुलीची ओटी भरू लागत. मेव्हण्याने कोरी कॅसेट समजून भाचीचा साखरपुडा त्यावर घेतला होता. काकू पुढे वारल्या. काका आवाज बंद करत आणि काकूंवरची नजर न काढता शेवट स्वतः सांगत: चंद्र मावळतो, लांडग्याचा माणूस होतो, घरी जातो. दारात आई. "आलास बाळ? बैस, वरणभात वाढते."

"आमच्याकडे आई आधी ओरडते," मी एकदा म्हणालो.

"गोंदियाकर, ही लांडग्याची आई आहे. तुमची नव्हे."

दोन दिवाळ्या मी घरी गेलो नव्हतो. सुट्टी मागितली तर जागाच जाईल, ही धास्ती.

मग सीडी आल्या, दुकानात माणूस फिरकेना. आमच्या कंपनीतही चहाचं मशीन येणार असं ऐकू येऊ लागलं. तिथल्याच एका साहेबांनी मला त्या सिनेमाची सीडी दिली, शेवटासकट. दुकान कायमचं बंद करायच्या आदल्या रविवारी शेजारच्या कंप्युटर क्लासात आम्ही ती लावली. गावकऱ्यांनी लांडग्याला घेरलं. काका पुढे सरकले.

"इथे आमची ही यायला हवी," ते हळूच म्हणाले.

कोणी आलं नाही. गावकऱ्यांनी बंदुका रोखल्या आणि काकांनी पडदा बंद केला. काळ्या काचेकडे बघत ते सांगू लागले. चंद्र मावळला. माणूस घरी पोचला. दारात आई. "कुठं मेला होतास इतके दिवस? दिवाळीलाही तोंड दाखवलं नाहीस!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मग पाणी देते. बरोबर?"

मी मान डोलावली.

"सुट्टी मागा उद्या. मशीन करील चहा."

मी मागितली. मिळाली. आई ओरडली, मग तिने पाणी दिलं.

आता काकाही नाहीत. सीडी माझ्याकडे आहे. दमून घरी येतो तेव्हा कधीकधी हाताला लागते, लावत मात्र नाही. माझ्या माहितीप्रमाणे तो लांडगा सुखरूप घरी पोचला.