पाचव्या लक्षणाचा अर्धा मार्क

भूमितीच्या सरांना पोरं ‘अर्धासर’ म्हणत, आणि त्यात पोरांचा काडीचाही दोष नव्हता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सरांनी कुणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नव्हते. पेन्सिलीला टोक नाही, अर्धा वजा. आकृतीला नाव नाही, अर्धा वजा. एकदा एका हट्टी पोराने जिवाचं रान करून बिनचूक पेपर लिहिला, तर सरांनी ‘समासात बोट उमटले आहे’ असा शेरा मारून त्याचाही अर्धा कापला. कापलेला अर्धा त्यांनी परत दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

अशा माणसाच्या गळ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नवा विषय मारला. वरून परिपत्रक आलं होतं. आत्महत्या आणि स्वतःला इजा करून घेणं कसं टाळायचं, हे नववीच्या मुलांना शिकवायचं होतं. सरांनाच का? तर गुरुवारचा चौथा तास त्यांना मोकळा होता. दीड दिवसाचं प्रशिक्षण झालं, त्यातला अर्धा दिवस एकमेकांची ओळख करून देण्यात आणि चहात गेला, आणि सर एक हातपुस्तिका घेऊन परतले.

“आणि तो शब्द फळ्यावर लिहू नका हं,” मोठ्या बाईंनी बजावलं. “‘टोकाचा विचार’ लिहा. पालकांना बरं दिसतं.”

पुस्तिका खरं तर चांगली होती. कुणा शहाण्या माणसाने जीव ओतून लिहिली होती. मुलांचं ऐका, उपदेश करू नका, शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि मग मुलाला एकटं सोडू नका. सरांनी या सगळ्याचे मुद्दे पाडले. लक्षणे पाच, उपाय चार. मागच्या पानावर मदतीचा फोन नंबर होता, तो परीक्षेला येण्यासारखा नव्हता म्हणून गाळला. ‘सरळ विचारा’ हा मुद्दा मात्र महत्त्वाचा, तो पोरांकडून दहा वेळा लिहून घेतला. पहिल्याच गुरुवारी तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला, तेव्हा सर म्हणाले, “शंका तासाच्या शेवटी.” तासाच्या शेवटी घंटा झाली.

घरी बायकोला हे कळलं तेव्हा तिला हसू आवरेना. “तुम्ही शिकवणार मन मोकळं करायला? लग्नाला चोवीस वर्षं झाली. एकदा तरी विचारलंत मला, कशी आहेस म्हणून?”

“तक्रार आली नाही, म्हणजे बरीच असणार,” सर म्हणाले आणि पेपर तपासायला बसले.

विषय म्हटला की चाचणी आलीच. चाचणीत पाच मार्कांचा एकच प्रश्न होता: ‘टोकाच्या विचाराची पाच लक्षणे उदाहरणांसह लिहा.’ सरांची तपासायची रीत ठरलेली होती. महत्त्वाचे शब्द पोरांनी अधोरेखित करायचे, आणि सरांनी तेवढेच शब्द बघत बरोबरच्या खुणा करत सुटायचं. मधलं लिखाण म्हणजे पाल्हाळ. चाळीस पेपर पाऊण तासात हातावेगळे झाले आणि पालकांच्या सहीसाठी घरोघर गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेच्या आधी काटेवाला शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा. हा गृहस्थ वजनकाटे दुरुस्त करायचा. अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे झालेला त्याला खपत नसे. त्याची मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. हातात तिचा पेपर होता, खाली त्याची ठसठशीत सही.

“सर, साडेचारच का?”

“पाचव्या लक्षणाचं उदाहरण चुकलंय.”

“कुठे चुकलंय ते दाखवा. माझी पोर चुकायची नाही.”

सरांच्या सत्तावीस वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्यांनी चष्मा पुसला, पेपर हातात घेतला आणि लहान मुलाला समजवावं तसं मोठ्याने वाचायला लागले.

“एक. आवडत्या वस्तू देऊन टाकणे. बरोबर, एक मार्क. उदाहरणार्थ, मी माझी रंगपेटी मंगळवारी शेजारच्या छोटीला दिली.”

“हरवली म्हणाली होती,” काटेवाला पुटपुटला. “नाही नाही ते बोललो मी तिला.”

“दोन. झोप न लागणे. उदाहरणार्थ, पहाटे टाकीत पाणी पडायला लागतं, तोपर्यंत मी जागीच असते.” सरांचा आवाज थोडा उतरला. “तीन. एकटे राहणे. उदाहरणार्थ, मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली बसते. चार. आपण ओझे आहोत असे वाटणे. उदाहरणार्थ, मी नसते तर बाबांना रविवारी दुकान उघडावं लागलं नसतं.”

काटेवाल्याने बाकाची कड धरली. सरांना थांबता येईना. पाचवा मुद्दा राहिला होता, ज्याच्यासाठी माणूस आला होता तोच.

“पाच. टोकाच्या विचाराबद्दल बोलणे. उदाहरणार्थ, मी अजून कुणाशी बोलले नाही. कुणी विचारलं नाही.”

शेजारी लाल शाईत सरांचंच अक्षर होतं: ‘लक्षण आढळल्याचे उदाहरण द्यावे.’

एकाने तपासला होता, एकाने सही केली होती, आणि दोघांनीही तो आत्ता पहिल्यांदा वाचला. सरांना लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापवणारी लाज.

“सर, हे उदाहरणच आहे ना?” काटेवाला म्हणाला. “तुम्हीच सांगितलं असेल ना, असं असं लिहा म्हणून?”

“नाही हो,” सर म्हणाले. “मी असलं काही सांगितलं नव्हतं.”

पुढे काय करायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. दहा वेळा लिहून घेतलं होतं. ते मुलीला शोधायला निघाले. वाटेत मोठ्या बाई आडव्या आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी पालकांचा लेखी अर्ज घ्या. मग समिती नेमू.”

“बाई, अर्ज मागाहून घेतो,” सर म्हणाले. मोठ्या बाईंना कुणी अर्ज मागाहून दिल्याचंही शाळेत कुणी ऐकलं नव्हतं.

फळ्यावरचे लाकडी गुण्ये आणि कोनमापक ठेवायच्या खोलीत सरांनी मुलीला बोलावलं, स्वतः स्टुलावर बसले आणि तिला खुर्ची दिली. वडील दाराबाहेर थांबले.

“बाळ, तुझा पेपर मी आज वाचला,” सर म्हणाले. “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. “हे किती मार्कांना आहे, सर?”

तिच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता. या शाळेत, या माणसाकडून, दुसरं काही तिने ऐकलंच नव्हतं.

“मार्क नाहीत याला.”

“मग हो,” ती म्हणाली.

घंटा एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली, सर उठले नाहीत. ती बोलत होती, मधेच थांबत होती, आणि सर एकही मुद्दा न काढता ऐकत होते. मग त्यांनी तिलाच विचारून बाबांना आत घेतलं. काटेवाल्याने मुलीचा हात धरला आणि तो लहान पोरासारखा रडला. सरांनी पुस्तिकेचं मागचं पान उघडून गाळलेला नंबर फिरवला. तिला एक मिनिटही एकटं सोडलं नाही. दुपारी तिघं डॉक्टरांच्या दारात होते.

पोर एका दिवसात हसायला लागली, असं काही झालं नाही. दोन आठवडे ती शाळेत आली नाही. मग मधल्या सुट्टीपर्यंत यायला लागली. काटेवाल्याचं दुकान आता रविवारी बंद असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ लागेल, पण वाट बरोबर आहे.

महिन्याभराने, गुरुवारी, चौथ्या तासाला ती सरांच्या टेबलापाशी आली आणि तिने चुरगळलेला पेपर पुढे केला.

“सर, पाचव्या लक्षणाचा अर्धा मार्क.”

“उदाहरण बरोबर होतं,” सर म्हणाले. “तपासणाऱ्याचं चुकलं.”

“मग द्या की.”

सरांनी साडेचार खोडले, पाच केले आणि शेजारी सही केली.

तिच्या पेपरात काय होतं ते वर्गाला कधीच कळलं नाही. पण अर्धासरांनी अर्धा परत दिला, ही बातमी मात्र घंटेच्या आधी गच्चीपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीबाहेर पेपर घेऊन ही भली मोठी रांग. सरांनी कपाळावर हात मारला, चष्मा पुसला आणि पहिला पेपर घेतला. या वेळी पहिल्या ओळीपासून. बहुतेक पोरं लबाड होती, अर्ध्यासाठी भांडली, आणि सरांनी त्यांना हात हलवत परत पाठवलं.

रांगेतली शेवटची तीन पोरं मात्र बाकीचे जाईपर्यंत थांबून राहिली होती. सरांनी पेपरासाठी हात पुढे केला, तर तिघांकडेही पेपर नव्हता.

सरांनी आणखी खुर्च्या मागवल्या.