पाय लागला, नमस्कार कर

जगातली सगळी भांडणं माझ्या थोरल्या भावाकडे सोपवली असती, तर ती दोन-तीन मिनिटांत निकाली निघाली असती आणि दोन्ही बाजूंना एकमेकांपुढे वाकून घरी जावं लागलं असतं. दादांचं गोंदियात पाइपांचं दुकान आहे, कामठ्याला धानाची शेती आहे, पण कोणी विचारलं तर ते सांगत, "मी पंच आहे." कराटेच्या, गुणांवर खेळल्या जाणाऱ्या लढतींचे पंच. ठोसा हलका हवा, चेहऱ्याला इजा नको, चौकोनाबाहेर पाऊल गेलं की इशारा, अंग चोरून पळत राहिलं की इशारा, आणि इशारे साठले की बाद. मी स्वतः वाणसामानापासून आहेरापर्यंत सगळ्याची यादी करणारी बाई, मलाही नियम आवडतात. पण नियम आवडणं वेगळं आणि नियमांत राहायला जाणं वेगळं. दादा तिथे सहकुटुंब राहायला गेले होते.

शेजाऱ्याची बकरी धुऱ्याचा बांध ओलांडून आमच्या धानात उतरली की दादा आधी तिला रीतसर हात दाखवून पहिला इशारा देत, मग हाकलत. तोवर बकरीचं पोट भरलेलं असे. लग्नाच्या पंगतीत नको म्हटल्यावर वाढप्यानं ताटात वडा टाकला, की "थांबा म्हटल्यावर वार," असं म्हणून त्याच्याकडे बोट. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकदा वहिनीनं कंबर धरली, तेव्हा हे म्हणाले, "दुखापतीचं सोंग. त्याले मोठा दंड रायते." वहिनी शांतपणे खाटेवर आडवी झाली. "मंग मी बाद झाली. आता सयपाक तुमीच करा." त्या दिवशीची भाजी आम्ही सगळ्यांनी नियमात बसेल तेवढीच खाल्ली.

माझ्या मुलीपुढे मात्र दादा वेगळे. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो; वयाचा तिथे संबंध नाही. दादा दारात आले की चपला काढणार, वाकून तिच्या पायांना हात लावणार, मग पाणी मागणार. तिला घडवलंही त्यांनीच. लहानपणी तिचा पाय कशालाही लागला की ते म्हणत, "पाय लागला, नमस्कार कर." ज्याला लागला त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला न्यायचा. मग ते माणूस असो, पुस्तक असो की धानाचं पोतं. पुढे त्यांनीच तिला डोक्यापर्यंत लाथ उचलायला शिकवलं. मॅटवर तो जुना नियम लागू नाही, हे सांगायचं मात्र राहून गेलं. तशी वेळही आली नव्हती. ती आजवर ठोशांवरच जिंकत आली होती.

बारावीच्या वर्षी ती जिल्ह्याच्या अंतिम लढतीत पोचली. जिंकेल ती नागपूरला विभागाच्या स्पर्धेला जाणार होती, आणि पुढच्या वर्षी माझी मुलगी वयात बसणार नव्हती. नेमका ठरलेला पंच तापानं आडवा झाला आणि त्याच्या जागी दादांना उभं राहावं लागलं. दादांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, "लाल पट्ट्याची मुलगी माझी भाची आहे. हरकत असेल तर आत्ताच सांगा." समोरच्या, निळ्या पट्ट्याच्या मुलीचे प्रशिक्षक हसले. "सर, आपसे डर भांजी को है, हमें नहीं."

शेवटच्या क्षणांत गुण बरोबरीत होते. माझ्या मुलीनं ठोशाची हूल दिली आणि लाथ उचलली. ती समोरच्या मुलीच्या हेल्मेटला फणी टेकावी तशी टेकली. नियमाला हवा होता तेवढाच स्पर्श. आणि दादा "थांबा" म्हणायच्या आत पोरीनं बचावाचा हात खाली घेतला, मग तो त्या हेल्मेटला लावला आणि आपल्या कपाळाला नेला. समोरचीनं संधी साधली. छातीवर स्वच्छ ठोसा.

मागे कोणीतरी हसलं. मी दादांकडे पाहत होते. त्यांचा हात हलला, आणि मला क्षणभर वाटलं, तोही कपाळाकडे चाललाय. पण तो निळ्या बाजूला गेला. ठोशाचा गुण निळ्याला. लाथेला गुण नाही, कारण मारल्यावरही सावध राहणं हा त्या गुणाचाच भाग. वर स्वतःला धोक्यात घातल्याबद्दल लालला इशारा. आवाज नेहमीचा होता. लढत संपली. नागपूर हुकलं.

ती माझ्या शेजारी बसून हातमोजे सोडत होती. दादा आले.

"हात काऊन खाली घेतला, माय?"

"पाय लागला होता ना, मामाजी."

"बराबर हाये," दादा म्हणाले, आणि पंचाच्या पूर्ण पोशाखात, सगळ्यांच्या देखत, तिच्या पायांशी वाकले. पंचानं खेळाडूच्या पाया पडल्यास काय दंड, हे नियमपुस्तकात कुठे नव्हतं.

आता माझी मुलगी नोकरीला नागपूरलाच आहे. दादांचे गुडघे गेले, पंचगिरी सुटली. वहिनी म्हणते, बकऱ्यासुद्धा आता विचारत नाहीत. पण पोरगी सुट्टीला आली की दादा कामठ्याहून येतात, दारात चपला काढतात, चौकट धरतात.

"राहू द्या, मामाजी. वरूनच करा."

"लढत सुरू हाये. तू हलू नोको."

ती उंबऱ्याच्या आत हात खाली सोडून उभी राहते, अगदी बेसावध. दादांना तिच्या पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो. आम्ही कोणी "थांबा" म्हणत नाही.