चपला वाळत घातल्या त्याचा दुसरा दिवस

भुताखेतांचा विषय निघाला की चहा टाकायच्या निमित्तानं उठून जाणारी मी. तीच मी आज हे लिहायला बसलेय, म्हणजे काय ते समजा...

हिंगणघाटला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी भाड्यानं राहायचो. शारदा जवळच्या जाम गावातल्या शाळेवर शिक्षिका, पौर्णिमा कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात, आणि मी — दोन वर्षं नोकरी शोधणारी. चपला दाराबाहेर काढायच्या आणि शेवटी निघणारीनं दुसऱ्या कुणाची जोडी दिसली नाही तर बाहेरून कुलूप घालून एकुलती किल्ली जवळ ठेवायची, हा आमचा नियम.

त्या दिवशी अकराला वर्ध्यात माझी मुलाखत होती. आदल्या संध्याकाळी चिखलानं माखलेल्या चपला धुऊन बाल्कनीत वाळत घातल्या, सर्दीची गोळी घेतली आणि माझ्या खोलीचं दार लावून झोपले ती थेट साडेनऊला उठले. दाराला बाहेरून कुलूप.

शारदाला फोन लावला.

"काऊन मजाक करून राह्यली? तुही चप्पल नव्हती, म्हणून कुलूप लावलं मी. अन् पौर्णिमानं तुले वर्ध्याच्या गाडीत चढताना पाह्यलं. हात केला म्हणे तू तिले."

"मी घरातच आहो शारदा. लवकर येजो."

"बारापर्यंत नाई सोडत मले कोणी."

बाल्कनीला जाळी. हाका मारल्या, दार बडवलं, कुणी आलं नाही; उलथन्यानं कडी उचकटून पाहिली. अकरा वाजले तशी फाइल मांडीवर घेऊन जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. बाबांना काय तोंड दाखवणार होते?

शारदा साडेबाराला आली. हातापाया पडून बघू म्हणून तरीही वर्धा गाठलं. ऑफिसबाहेरच्या शिपायानं चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम, तुमचा इंटरव्ह्यू तर झाला ना मघाशी? काई राह्यलं का?"

त्यानं रजिस्टर पुढे केलं. माझं नाव, माझी सही. मूळ कागद तपासल्याची खूणही होती — आणि ते कागद माझ्या काखेत होते.

खरं सांगायला हवं होतं. "काई नाई" म्हणून परत फिरले.

आठ दिवसांनी निवडीचं पत्र आलं. बाबांनी गावभर पेढे वाटले. मुलाखत घेणारे साहेब अजून म्हणतात, "त्या दिवशी काय छान बोलल्या होत्या तुम्ही." मी मान हलवते. काय बोलले होते ते विचारता येत नाही, नोकरी सोडताही येत नाही.

खुलासा आजही नाही. पण जिनं ही नोकरी मिळवली ती एखाद्या दिवशी कामावर आली तर... या भीतीनं दीड वर्षात मी एकही रजा घेतलेली नाही.