टॉवेलाखाली घेतलेला रंधा

आमचा दादा बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवायचा आणि त्या बैलाच्या आजोबाचं गाव सांगायचा. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की पुढं पुढं घोडेगावच्या बाजारातले बैलसुद्धा ती ऐकून माना डोलवायला लागले. दादा माझा थोरला भाऊ, जनावरांचा दलाल. विकणारा एका बाजूला, घेणारा एका बाजूला आणि मधे दादाच्या खांद्यावरचा टॉवेल.

त्या बाजारातल्या जुन्या मंडळींत भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. मग समोरचा तुमची बोटं धरून उत्तर देणार. वर दोघांची तोंडं पाहाल तर पावसापाण्याचं बोलतायत, खाली मात्र कुस्ती चालू. हे सगळं उजव्या हातानं. डाव्या हातानं केलेला सौदा कोणी सौदा मानत नाही. आणि टॉवेलाखाली जुळलेला आकडा पुन्हा मोडायचा नाही, मग घर बुडालं तरी चालेल. दादाचा हात तर असा की समोरच्याच्या नाडीवरून तो किती वर चढेल ते त्याला कळायचं. डॉक्टर झाला असता तर नगरातले निम्मे दवाखाने बंद पडले असते.

गेल्या वर्षी कुट्टी मशीननं, म्हणजे जनावरांसाठी कडबा कापायच्या मशीननं, त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. पेंढी आत सारताना नेली. अंगठा राहिला, करंगळी राहिली. कुठल्याही गोष्टीला मी शेपूट लावतो, पण हिला लावायला मला कधी काही सुचलं नाही.

जखम भरल्यावर दादा पुन्हा बाजारात गेला. सगळ्यांनी चहा पाजला, विचारपूस केली. पण त्यानं टॉवेल टाकला की समोरच्या माणसाला खाली धरायला बोटंच सापडेनात. दादा अजून भाव बोलू शकत होता, त्याला उत्तर मात्र कोणी देऊ शकत नव्हतं. हळूहळू लोक म्हणायला लागले, "ऱ्हाऊ द्या दादा, तोंडानंच सांगा." आता भाव तोंडानंच सांगायचा तर मधे दलाल कशाला? ते त्याला कोणी म्हणालं नाही. तो आपण होऊन बाजारातून उठला.

वहिनी आधीच गेलेल्या. मी त्याला नगरला, सावेडीतल्या माझ्या घरी आणलं. तो खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायचा. इतका हालचालीविना बसायचा की कबुतरं त्याच्या टोपीवर घरटं बांधावं का याची चर्चा करायची. टॉवेल मात्र रोज धुतलेला, घडी घातलेला, खांद्यावर. बायको एकदा स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, हे असेच बसून राहिले तर पुढचा पाडवा बघायचे नाहीत. त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या." मग कुठल्या हाताला, हे तिच्याच लक्षात आलं आणि ती पोळी लाटायला वळली.

काम दादानंच काढलं. गावाकडं आमची मोडकी बैलगाडी पडून होती. एके दिवशी तो म्हणाला, "गाडीच्या फळ्या कुजत्यात. चांगल्या बाभळीच्या हायत. पाट करावं म्हंतो." कित्येक महिन्यांत तो एवढं लांब वाक्य बोलला नव्हता. मी लगेच टेम्पो करून फळ्या आणल्या. शेजाऱ्यांना सांगितलं की फर्निचरचा कारखाना निघतोय, नावं आत्ताच नोंदवा. फळ्या पार्किंगमध्ये आल्या, करवत आली. राहिला रंधा. जुनी बाभूळ म्हणजे लोखंडाची सख्खी मावशी. हातरंध्याला दोन्ही हातांचा सगळा जोर लागतो. म्हणून विजेवरचा घ्यायचा ठरला, आणि तोही माझ्या पेन्शनला झेपेल असा.

शहरातल्या मशिनरीच्या दुकानात गेलो. पोरगेल्या विक्रेत्यानं सगळ्यात स्वस्त रंधा काढला. इतका हलका की जोरात शिंकलो असतो तर एमआयडीसीत जाऊन पडला असता. दादानं तो उचलला, हलवला, खाली ठेवला. "बाभळीवर ठरायचा न्हाई. उड्या मारंल."

दुसरा वजनाला बरा होता. मागची मूठ आणि तिचं बटण डाव्या हातात बसलं. पण असा रंधा दाबून धरायला पुढं एक बोंडासारखी मूठ असते, ती उजव्या हातानं धरावी लागते. ती लिंबाएवढी. दादाचा अंगठा आणि करंगळी तिच्यावरून घसरत राहिली. एकदा, दोनदा, पुन्हा. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला लागली.

विक्रेता मला म्हणाला, "सर, काकांसाठी असेल तर राहू द्या ना. हे दोन हातांचं काम आहे."

"मी हितंच हाय," दादा म्हणाला. "मला सांग की."

पोरगं ओशाळलं आणि ते लपवायला त्यानं तिसरी मशीन चालू करून दाखवली. टेबलावर ठेवायची मोठी मशीन. फळी एका बाजूनं लावायची, आतले रूळ ती आपोआप ओढून घेतात आणि दुसऱ्या बाजूनं साफ करून सोडतात. "हिच्यात हाताचं कामच नाही काका, फक्त पुढं सारायचं!" रूळ फिरले, फळी सरकन आत गेली. मी किमतीच्या चिठ्ठीकडं बघत होतो. तेवढ्या पैशात तिघांची लग्नं लागली असती, घोड्यासकट. दादाला विचारावं म्हणून वळलो, तर तो जागेवर नव्हता. मागं मागं सरकत तो दाराच्या काचेला पाठ लावून उभा होता आणि उजवा हात त्यानं सदऱ्याच्या आत घातला होता.

घरी आल्यावर तो दोन दिवस नीट जेवला नाही. मग म्हणाला, "घोडेगावच्या म्हाताऱ्या सुताराला इचारू. त्याचा रंधा इकायला काढलाय म्हनं."

हा सुतार बैलगाड्या करायचा. गाड्या संपल्या, मग त्यानं दारं-खिडक्या केल्या, आता डोळेही संपत आले होते. बाजाराला लागूनच त्याचं पत्र्याचं शेड. आम्ही पोचलो तेव्हा एक तरुण गिऱ्हाईक चार हजारांवर अडून बसलं होतं आणि म्हातारा नुसती मान हलवत होता. गिऱ्हाईक चिडून गेलं. दादानं ते सगळं ऐकलं.

रंधा जुना, काळा, पाटा-वरवंट्याच्या वजनाचा. पुढची मूळ मूठ कधीतरी तुटलेली, म्हणून म्हाताऱ्यानं स्वतः शिसवाची बसवलेली, चांगली भरताच्या वांग्याएवढी. दादानं तिच्यावर हात ठेवला. अंगठा एका बाजूनं, करंगळी दुसऱ्या बाजूनं. हात बसला.

"बसतंय," दादा म्हणाला. मग माझ्याकडं बघून पुन्हा, "बसतंय रं."

पुढचा अर्धा तास बघायला अख्खा नगर जिल्हा यायला हवा होता. दादानं तो रंधा बैलासारखा पारखला. उलटा केला, पात्याला अंगठा लावला, पट्टा ओढून बघितला, चालू करून कान दिला. आवाज झाला तेव्हा खांद्यापासून एकदा थरथरला, पण मूठ सोडली नाही. म्हाताऱ्याला म्हणाला, "खातो बरा, पन वय झालंय."

"तुमचं का त्याचं?" म्हातारा म्हणाला.

दोघं हसले. आणि त्या हसण्यातच दादानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातांवर टाकला.

मला खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं, तोंडं तेवढी दिसत होती. दादाचं तोंड जुनं झालं होतं, म्हणजे पूर्वीचं. डोळे बारीक, नजर भलतीकडं, "औंदा मुळा धरनाचं पानी कधी सुटतंय कुनाला ठावं" असं काहीतरी चाललेलं. मग म्हाताऱ्याची पाळी आली. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण ते आता त्याचं नव्हतं. टॉवेल जरा हलला, थांबला, पुन्हा हलला. मग म्हातारा खाली बघून म्हणाला, "न्या. झालं."

दादानं टॉवेल काढून घेतला. झटकला नाही. एरवी सौदा जुळला की फटकन झटकायचा.

रंधा पोत्यात बांधून स्कूटरवर पायांमधे ठेवला. पांढरीचा पूल आला. तिथं चहाला थांबलो तेव्हा, टॉवेलाखालचं कोणाला सांगायचं नसतं ते त्यानं मला सांगितलं.

"मी तीन धरली. तो वर चढवील, मी थोडा चढंन, चारच्या वर कुटंतरी तुटंल, असा माझा अंदाज."

"मग?"

"त्यानं चाचपलं. त्याला धराया काय घावंना. मग व्हती ती धरली." त्यानं अंगठा आणि करंगळी वर केली. "दोन."

विकणारा घेणाऱ्याच्या खाली आला, असा सौदा त्या बाजारात कधी झाला नसेल.

मी माझा धंदा सुरू केला. म्हणालो, म्हातारा पक्का आहे, मशीन आतून जळलेली असणार, म्हणून गळ्यात मारली. माझ्या ओळखीच्या एकाला असाच रंधा मिळाला होता, त्यातून धूर नाही, अख्खं भूत निघालं. चहावाला हसला. दादा नाही.

"मशीन चांगली हाय. मी बघितली." कप तसाच ठेवून तो म्हणाला, "ह्या हातानं आजवर कुनाकडून फुकट न्हाई घेतलं. आज भीक घेतली. आन मोडताबी येत न्हाई."

"परत जाऊन वरचे पैसे देऊ त्याला."

"मग बाजाराला काय सांगू? टॉवेलाखाली चूक झाली म्हनून?"

इमामपूरचा घाट उतरताना मागून त्याचं वजनच जाणवत नव्हतं. दोनदा आरशात बघितलं, बसलाय ना म्हणून.

आठवडाभर पोतं सोडलं नाही. मग एका सकाळी खालून काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज आला. बायको आणि मी धावत गेलो. दादानं टॉवेलाचं एक टोक दातात धरलं होतं आणि डाव्या हातानं तो उभा फाडत होता. चांगल्या लांब पट्ट्या केल्या. उजवा हात शिसवाच्या मुठीवर ठेवला आणि मला म्हणाला, "बांध."

"दादा, अहो हे काय करताय?" बायको म्हणाली.

"जोर दिला की घसरतोय. बांध म्हनलं ना."

मी बांधलं. त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं. रंधा बाभळीवर चढला आणि असा कर्कश ओरडला की सावेडीतली कुत्री पाथर्डीच्या जीपमध्ये बसून निघून गेली असतील. दादाचे डोळे मिटलेले होते. फळीच्या टोकाशी पोचल्यावर त्यानं ते उघडले, बटण सोडलं आणि डाव्या तळव्यानं फळी चाचपली. काळ्या, कुजकट थराखालून बाभळीचा तांबूस रंग निघाला होता. फळी फिरवून घ्यायला मला मान हलवली.

आता तो रोज सकाळी बसतो. पाट झाले, शेजाऱ्यांकडं एकेक गेला. जेवतो. आपण होऊन कधी बोलतोही. घोडेगावच्या बाजाराचा दिवस आला तरी त्याचं नाव काढत नाही, आणि खांद्यावर काही नसतं.

गाठ मीच बांधतो, मीच सोडतो. एका हातानं ती त्याला सुटत नाही. रंधा लाकडातल्या एखाद्या गाठीवर उसळला तर त्याला हात काढून घेता येणार नाही, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. म्हणून मी कधी कधी पट्टी मुद्दाम जरा सैल ठेवतो, आणि वर काहीतरी थाप सुरू करतो, त्याचं लक्ष जाऊ नये म्हणून. पण त्या हाताला अजून सगळं कळतं.

"आवळ," तो म्हणतो.

मी आवळतो.