फ्रेंच पाहुण्याला 'नको' शिकवलं तेव्हा

आमच्या नवऱ्याला चाळिशीत सायकलचं वेड लागलं आणि त्याची फळं मी भोगली. आम्ही तेव्हा अमेरिकेत, अल्फारेटाला होतो. एका वसंतात आमच्या भागात आठवडाभराची मोठी सायकल रेस यायची होती. छोट्या टीम्सचे रायडर हॉटेलात न उतरता लोकांच्या घरी राहतात, अशी तिथली पद्धत. ह्यांनी सायकल क्लबात हात वर केला आणि घरी येऊन मला म्हणाले, "अगं, आपल्याकडे एक फ्रेंच रायडर येतोय. प्रोफेशनल आहे." विचारलं नाही, सांगितलं!

तो आला. एकतीस-बत्तीसचा, काटकुळा, गालफडं बसलेली. बघून पोटात तुटलं माझ्या. जेवायला बसल्यावर त्याने बॅगेतून छोटा वजनकाटा काढला आणि भात मोजून घेतला. माझ्या घरात, माझा भात, काट्यावर! मी ठसक्यात शिरा वाढला, चांगला तूप सुटलेला. त्याने खाल्ला. आणखी वाढला, तोही खाल्ला. चारदा वाढला आणि चारही वेळा तो "मेर्सी, मादाम" म्हणाला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी तो पार मागे पडला. हे माझ्यावर करवादले, "डोंगर चढणाऱ्या माणसाला तू शिरा चारलास?"

"मग नको म्हणायला तोंड नव्हतं त्याला?"

नव्हतंच, तोच तर घोळ होता. चढावर त्याच्यासारखे पाय त्यांच्या टीममध्ये कुणाचेच नाहीत, असं हे सांगत होते. पण इतकी वर्षं तो कॅप्टनसाठी पाण्याच्या बाटल्या आणत होता, पुढे राहून त्याचा वारा अडवत होता. कुणी काही मागितलं की हा देऊन मोकळा. स्वतःच्या नावावर एकही विजय नाही. त्याचा करार त्या वर्षी संपत होता. शेवटच्या दिवशीच्या डोंगरावर काही करून दाखवलं तरच दुसरी एक टीम त्याला घेणार होती. नाहीतर सायकल कायमची भिंतीला.

मग मी कंबर कसली. रोज संध्याकाळी शिऱ्याचा डाव घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची. "वाटीवर असा आडवा हात धरायचा आणि म्हणायचं, नको, पुरे!" तो लाजायचा, हसायचा आणि वाटी पुढे करायचा. "अरे ठोंब्या!" मी ओरडायची आणि डाव तसाच मागे न्यायची. रेसच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याने हात आडवा धरला. "नको. पुरे." एवढा आनंद मला माझ्या मुलीच्या पहिल्या शब्दाचाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावर जाऊन उभे राहिलो. लोक रस्त्यावर खडूने रायडर्सची नावं लिहीत होते. मी मोठ्ठं 'नको' लिहिलं. आणि खरंच, वळणावरून तो सगळ्यांत पुढे आला, एकटा! मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. तेवढ्यात त्याने कानातल्या रेडिओवर बोट ठेवलं. वेग कमी झाला. आमच्यासमोरच तो उतरला आणि आपल्या सायकलचं चाक काढायला लागला. मागे कॅप्टनचं चाक पंक्चर झालं होतं आणि टीमची गाडी गर्दीत अडकली होती.

"नको म्हण रे, नको म्हण!" मी गळा फाडून ओरडले. त्याने माझ्याकडे पाहिलं. कॅप्टन तसाच रखडत आला, तसं याने स्वतःचं चाक त्याला बसवून दिलं, त्याला ढकलून वर पाठवलं आणि ते बसकं चाक हातात घेऊन उभा राहिला. मला इतका राग आला, इतकं रडू आलं, की नवऱ्याने माझा दंड धरून ठेवला.

घरी येताना गाडीत मी फणकाऱ्याने विचारलं, "का दिलंस?"

"त्याने मागितलं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी वजनकाटा बॅगेतून बाहेरच आला नाही; दुसरी टीम आता घेणार नव्हती, मग मोजायचं कशाला! भात त्याने हाताला येईल तेवढा घेतला. शिऱ्याची कढई मी मुद्दाम ओट्यावरच ठेवली होती, आग्रह करायचा नाही असं ठरवूनच. जेवण झालं आणि त्याने आपणहून वाटी पुढे केली. "मादाम, प्लीज. अजून."

माझ्या घरात कुणी आपणहून मागितलं आणि माझा वाढता हात थांबला, असं तेव्हा एकदाच झालं.